‘ट्विक’ कार्ड आणि फाटकावरचा माणूस : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात एकाच विषयावरची सहा पत्रे निघाली, म्हणून या वेळचे सदर त्या विषयालाच दिले आहे. अमेरिकेतील बंदरांत आणि रासायनिक कारखान्यांत माणसाला आत सोडण्यापूर्वी त्याचा पूर्वेतिहास कोण तपासतो, किती खोलवर तपासतो आणि त्यात नाव अडकले तर काय करायचे, असे साधारणपणे सगळ्यांचे विचारणे आहे. मी वकील नाही. ह्यूस्टनच्या शिप चॅनेलवरील (जहाजांच्या जलमार्गावरील) कारखान्यांत सुरक्षितता विभागात नोकरी करताना जे नियम रोज हाताळावे लागले, त्यांच्या आधारे ही उत्तरे लिहीत आहे. ज्यांचे प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेले आहे त्यांनी तेथील वकिलाचा सल्ला घ्यावाच.

प्रश्न : माझे यजमान मुंबईहून केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन एच-1बी व्हिसावर ह्यूस्टनला आले. आतापर्यंत त्यांचे काम कार्यालयातच होते. आता त्यांची कंपनी त्यांना खाडीकाठच्या एका टर्मिनलवर पाठवणार असून त्यासाठी ‘ट्विक’ कार्ड काढावयास सांगितले आहे. अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांना हे कार्ड मिळते का? भारतातलीही चौकशी होते का? आणि उद्या नोकरी बदलली तर या कार्डाचे काय होते?
(एक वाचक भगिनी, ह्यूस्टन परिसर)

उत्तर : कार्ड मिळू शकते. पात्रतेच्या नियमात अमेरिकेचे नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि आश्रय मिळालेले निर्वासित यांच्याबरोबर कामाची परवानगी देणाऱ्या काही व्हिसांची नावेच दिलेली आहेत आणि एच-1बी व एल-1 हे दोन्ही त्यांत आहेत. त्यामुळे ‘परदेशी माणसाला हे कार्ड देत नाहीत’ असे एखाद्या कंत्राटदाराच्या कार्यालयातून ऐकू आले, तर ते त्याचे अज्ञान समजावे.

‘ट्विक’ हा ‘ट्रान्स्पोर्टेशन वर्कर आयडेंटिफिकेशन क्रेडेन्शियल’ या लांबलचक नावाचा कामगारांनी केलेला सुटसुटीत अवतार आहे. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने नोव्हेंबर 2002 मध्ये सागरी वाहतूक सुरक्षा कायदा केला आणि जहाजे, धक्के व टर्मिनल यांच्या सुरक्षित क्षेत्रात सोबतीशिवाय वावरणाऱ्या प्रत्येकाची आधी पडताळणी झाली पाहिजे, असे त्यात ठरले. नोंदणी ऑक्टोबर 2007 मध्ये डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथून सुरू झाली आणि एप्रिल 2009 पासून हे कार्ड देशभर सक्तीचे झाले. पडताळणी करते ती विमानतळांवर आपल्या पिशव्या तपासणारीच वाहतूक सुरक्षा संस्था, म्हणजे टीएसए. फाटकावर नियम पाळला जातो की नाही, हे मात्र कोस्ट गार्ड पाहते. एक काम दोन खात्यांत वाटलेले असल्यामुळे कार्डाची तक्रार कोस्ट गार्डकडे आणि फाटकाची तक्रार टीएसएकडे नेणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

प्रत्यक्ष कृती फारशी अवघड नाही. आधी संगणकावर अर्ज भरायचा, मग नोंदणी केंद्रावर जाऊन मूळ पासपोर्ट, व्हिसा आणि कामाच्या परवानगीची कागदपत्रे दाखवायची, दहाही बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यायचे, आणि सुमारे 125 डॉलर भरायचे. कार्ड पाच वर्षांचे असते. सर्व कागदांवर नाव अक्षरशः एकसारखे असावे, हे मी आवर्जून सांगतो, कारण आपल्याकडे वडिलांचे नाव एका कागदावर मधले नाव म्हणून येते, दुसऱ्यावर येतच नाही, आणि लग्नानंतर बदललेल्या नावांची गोष्ट तर निराळीच आहे.

भारतात पोलिसांचा माणूस घरी येऊन शेजाऱ्यांकडे विचारपूस करतो, तशी चौकशी येथे होत नाही. बोटांचे ठसे एफबीआयच्या गुन्हेनोंदींशी ताडून पाहतात, नाव दहशतवादी संशयितांच्या यादीशी जुळते का ते पाहतात आणि देशात राहण्याचा अधिकार तपासतात. मात्र इंटरपोलसारख्या आंतरराष्ट्रीय नोंदी पाहण्याचा आणि परदेशातील गुन्हे मोठ्या प्रमाणावर असतील तर ते विचारात घेण्याचा अधिकार टीएसएला आहे, म्हणून ‘भारतातले इथे कोणाला कळणार’ या भरवशावर अर्जात काही लपवू नये. खोटे निवेदन हा तेथे स्वतंत्र गुन्हा आहे आणि व्हिसावर असलेल्या माणसाला तो मूळ गोष्टीपेक्षा महाग पडतो.

आता नोकरी बदलण्याविषयी. नागरिकाचे किंवा ग्रीन कार्डधारकाचे कार्ड त्या माणसाचे असते आणि तो ते घेऊन दुसऱ्या कंपनीत जाऊ शकतो. तात्पुरत्या व्हिसावरील माणसाचे कार्ड त्या व्हिसाला जोडलेल्या नोकरीपुरते असते. नोकरी संपली की कार्ड मालकाच्या स्वाधीन करावे लागते आणि मालकाने टीएसएला कळवावयाचे असते. पाच वर्षांची मुदत छापलेली आहे म्हणून ते खिशात ठेवून नव्या कंपनीच्या फाटकावर जाणे योग्य नव्हे.

एक गोष्ट आणखी. कार्ड मिळाल्यावर यजमानांना फाटकातून लगेच आत सोडतील, असे समजू नये. टर्मिनलच्या मालकाने त्यांचे नाव कामाच्या यादीत घातलेले असले पाहिजे आणि त्या पट्ट्यातील बहुतेक कारखाने कंत्राटी माणसाकडून ‘बेसिक प्लस’ या नावाने ओळखला जाणारा सुरक्षिततेचा वर्गही पुरा करून घेतात.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ लुइझियानात ग्रीन कार्डावर असून बार्जवर काम मिळण्याच्या बेतात होता. दहा वर्षांपूर्वी एका उपाहारगृहातील मारामारीत त्याला अटक झाली होती, परंतु पुढे खटला काढून टाकण्यात आला. आता टीएसएचे पत्र आले आहे की, प्राथमिक निर्णयानुसार तो कार्डास अपात्र दिसतो. तो खचून गेला आहे आणि दुसरे काम शोधतो म्हणतो. अटक म्हणजे गुन्हा शाबीत होणे नव्हे, हे त्यांना कळत नाही का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : भावाला आजच फोन करून पत्रावरील तारीख विचारा. त्या पत्राला उत्तर देण्यासाठी 60 दिवस असतात. त्या मुदतीत काहीच कळवले नाही, तर ‘प्राथमिक’ हा शब्द गळून निर्णय अंतिम होतो. घाबरून गप्प बसलेली माणसे कार्ड गमावतात ती बहुधा या 60 दिवसांत.

असे का होते, ते समजून घेणे उपयोगी आहे. एफबीआयच्या नोंदीत अटक लगेच चढते, पण त्या प्रकरणाचा शेवट काय झाला हे स्थानिक न्यायालयाने वर कळवलेलेच नसते, असे पुष्कळदा घडते. पडताळणी करणाऱ्या कारकुनाच्या पडद्यावर ‘गंभीर मारहाण, अटक’ एवढेच दिसते, पुढचा रकाना कोरा असतो, आणि नियम असा आहे की शेवट दाखवण्याचा भार अर्जदारावर आहे. म्हणून ज्या परगण्यात (तेथे लुइझियानात त्याला ‘पॅरिश’ म्हणतात) खटला होता, तेथील न्यायालयाच्या कारकुनाकडून खटला काढून टाकल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत मिळवावी आणि पत्रासोबत पाठवावी. वेळ कमी पडत असेल तर मुदत वाढवून मागता येते, पण तीही मुदत संपण्यापूर्वी. ज्या कागदांच्या आधारे आपल्याला अपात्र ठरवले, ते कागद मागवण्याचाही अधिकार त्याला आहे.

आपल्या भावाच्या प्रकरणात नसले, तरी इतरांना उपयोगी पडेल म्हणून अपात्रतेच्या गुन्ह्यांची ठेवण सांगतो. हेरगिरी, देशद्रोह, राजद्रोह आणि दहशतवादाचा गुन्हा यांना कायमची बंदी आहे आणि त्यांत सवलत मागण्याचीही सोय नाही. खून, स्फोटकांचे गुन्हे, बॉम्बची धमकी यांनाही कायमची बंदी आहे, पण तेथे सवलतीचा अर्ज करता येतो. दुसरा गट मुदतीचा आहे : शस्त्रांचे गुन्हे, खंडणी, लाच, तस्करी, अमली पदार्थांची विक्री, जाळपोळ, अपहरण, बलात्कार, दरोडा, ओळखपत्रांची अफरातफर वगैरे. यांत शिक्षा झाल्याला सात वर्षे पुरी झालेली असली पाहिजेत आणि तुरुंगातून सुटल्याला पाच. दारू पिऊन गाडी चालवणे या यादीत नाही, केवळ स्वतःजवळ थोडे अमली पदार्थ सापडणेही नाही. यादी छापील आणि सार्वजनिक आहे, ही या व्यवस्थेची मला सर्वात न्याय्य वाटलेली बाजू आहे, कारण साहेबाच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधत माणसाला बसावे लागत नाही. यादीबाहेरच्या एखाद्या गंभीर गुन्ह्याची किंवा सलग वर्षापेक्षा अधिक काळच्या तुरुंगवासाची दखल टीएसए घेऊ शकते, एवढा अपवाद त्यात ठेवलेला आहे.

गुन्हा खरोखरच शाबीत झालेला असेल तर अपील करून उपयोग नसतो, तेथे सवलतीचा अर्ज करतात. अपिलात ‘तुमची नोंद चुकीची आहे’ असे म्हणायचे असते, सवलतीच्या अर्जात ‘नोंद बरोबर आहे, पण मी आता तो माणूस राहिलो नाही’ असे. त्या वेळी मालकाचे पत्र, तुरुंगवासानंतरची नोकरी, भरलेली नुकसानभरपाई असे पुरावे जोडतात. दोन्हींची गल्लत केलेले अर्ज मी पाहिले आहेत, आणि त्यांत महिने जातात.

प्रश्न : आमचा मुलगा टँकरवर थर्ड ऑफिसर आहे. मागील फेरीत जहाज टेक्सासच्या एका धक्क्याला दोन दिवस लागले होते. व्हिसा असूनही त्याला खाली उतरू दिले नाही, कारण फाटकापर्यंत सोबत करायला माणूस नव्हता आणि नंतर जी गाडी मिळाली तिचे पैसे मागितले. त्याच्याकडे सीडीसी (खलाशाचे सेवापुस्तक) आहे, नवे बायोमेट्रिक ओळखपत्रही आहे. त्याने ट्विक कार्ड काढावे का?
(एक वाचक, दापोली तालुका)

उत्तर : परदेशी जहाजावरचा खलाशी म्हणून येणाऱ्या माणसासाठी ट्विक कार्ड हा मार्ग नव्हे. जहाजाचे गँगवे (चढण्या-उतरण्याचा जिना) आणि टर्मिनलचे फाटक यांच्यामधले दोनचारशे मीटर हे सुरक्षित क्षेत्र असते आणि त्यातून कार्ड नसलेल्या माणसाने कार्डधारकाच्या सोबतीने जायचे, असा नियम आहे. कोस्ट गार्डच्या मार्गदर्शनानुसार अति-महत्त्वाच्या भागात एका सोबत्यामागे जास्तीत जास्त पाच माणसे आणि तीही त्याच्या शेजारी चालणारी, इतर सुरक्षित भागात नजरेखाली राहतील अशी दहापर्यंत, असे प्रमाण आहे. नियम तेवढाच होता तेव्हा त्याचा परिणाम असा झाला की, सोबती द्यायचा की नाही हे टर्मिनलच्या मर्जीवर राहिले, आणि महिनोन्‌महिने पाण्यावर काढलेल्या मुलांना किनारा समोर दिसत असूनही फोनचे कार्ड आणायला जाता येईना.

हे दुखणे अमेरिकेच्या संसदेपर्यंत गेले. 2010 च्या कोस्ट गार्ड कायद्यात असे घातले गेले की, प्रत्येक टर्मिनलने खलाशांना जहाजापासून फाटकापर्यंत ये-जा करण्याची व्यवस्था वेळेवर आणि खलाशाकडून पैसे न घेता केली पाहिजे. प्रत्यक्ष नियम यायला 2019 साल उजाडले आणि 1 जून 2020 पासून तो अमलात आला. सोबती द्यावा, स्वतःची गाडी ठेवावी, की नाविकांच्या कल्याण केंद्राच्या गाड्यांना आत येऊ द्यावे, हे टर्मिनलने ठरवायचे, पण आपल्या सुरक्षा आराखड्यात ते लिहून ठेवायचे. तेव्हा आपल्या चिरंजीवांकडून फाटकापर्यंतच्या प्रवासाचे पैसे मागितले गेले असतील, तर तो नियमभंग आहे. फाटकाबाहेर शहरात जाण्याच्या टॅक्सीचे भाडे मात्र ज्याचे त्याने द्यायचे.

तक्रार त्या बंदराच्या कोस्ट गार्ड अधिकाऱ्याकडे करतात, ज्याला तेथे ‘कॅप्टन ऑफ द पोर्ट’ म्हणतात. मुलाने स्वतः पुढे होण्यापेक्षा जहाजाच्या कॅप्टनमार्फत किंवा युनियनमार्फत लिहिलेले बरे. पुढल्या कराराचा विचार घरच्या माणसांना करावाच लागतो आणि तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. बंदराला लागण्यापूर्वीच जहाजाच्या एजंटाला ‘किनाऱ्यावर जाण्याची काय सोय आहे’ असा ई-मेल जहाजाच्या कॅप्टनकडून गेला, तर अर्ध्या अडचणी उद्भवतच नाहीत.

बायोमेट्रिक ओळखपत्राबद्दल थोडे स्पष्ट करतो. ते आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 185 क्रमांकाच्या करारानुसार दिले जाते. भारताने तो करार 2015 मध्ये मान्य केला, अमेरिकेने केलेला नाही. त्यामुळे ते ओळखपत्र दाखवल्याने तेथे व्हिसाची गरज टळत नाही की सोबत्याचीही. खलाशांसाठीचा सी-1/डी व्हिसा आणि बंदरात सीमाशुल्क व सीमा सुरक्षा अधिकाऱ्यांनी जहाजावर येऊन दिलेली उतरण्याची परवानगी, या दोन गोष्टी असल्या की फाटकापर्यंतची व्यवस्था करणे टर्मिनलचे काम आहे.

प्रश्न : आमची कंपनी पाताळगंगा परिसरात असून अलीकडे आम्ही टेक्सासमध्ये, समुद्रापासून बरेच आत, एक लहान रासायनिक कारखाना विकत घेतला आहे. तेथील जुन्या कागदांत कर्मचाऱ्यांची नावे सरकारला पाठवून तपासून घेतल्याच्या नोंदी आहेत, परंतु 2023 च्या उन्हाळ्यानंतर एकही नाही. तेथील व्यवस्थापक ‘आता तसे काही नसते’ म्हणतात. मनुष्यबळ विभागाचा प्रमुख म्हणून मला याची खात्री करून घ्यायची आहे.
(एक वाचक, पनवेल)

उत्तर : आपले व्यवस्थापक खरे सांगत आहेत. बंदरावरच्या कारखान्यांची पडताळणी चालू आहे आणि आतल्या भूभागातील कारखान्यांची सरकारी पडताळणी बंद पडलेली आहे, अशी ही विचित्र स्थिती आहे.

आतल्या कारखान्यांसाठी ‘सीफॅट्स’ नावाने ओळखली जाणारी नियमावली 2007 मध्ये आली. तीनशेहून अधिक रसायनांची यादी करण्यात आली, तीत क्लोरीनपासून अमोनियम नायट्रेटपर्यंत सगळे होते, आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त साठा असणाऱ्याने गृहसुरक्षा खात्याला कळवायचे होते. खाते त्यांतून धोकादायक कारखाने निवडून त्यांच्या चार श्रेण्या करी. मुदत संपण्याच्या वेळी असे सुमारे 3,200 कारखाने होते. बंदराच्या कायद्याखाली आधीच येणारे कारखाने आणि सार्वजनिक पाणीपुरवठ्याची केंद्रे यांना यातून वगळलेले होते.

या कारखान्यांना सुरक्षिततेच्या अठरा कसोट्या होत्या आणि त्यांतली बारावी कसोटी माणसांविषयीची. तिच्यात चार गोष्टी आहेत : माणूस म्हणतो तोच आहे का, त्याचा गुन्हेगारी इतिहास काय, त्याला काम करण्याचा कायदेशीर अधिकार आहे का, आणि त्याचा दहशतवाद्यांशी संबंध आहे का. पहिल्या तीन गोष्टी मालक स्वतः किंवा एखाद्या तपासणी कंपनीकडून करून घेऊ शकतो. चौथी मात्र त्याला करता येत नाही, कारण ती यादी सरकारजवळ असते आणि ती कोणाला दाखवली जात नाही. म्हणून नावे सरकारला पाठवायची व्यवस्था हवी होती. ही व्यवस्था कशी असावी यावर उद्योग आणि खाते यांचे वर्षानुवर्षे जमले नाही. एकच पाइपफिटर वर्षाला दहा कारखान्यांत शटडाउनच्या (दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात तेव्हाच्या) कामाला जातो, मग त्याचे नाव दहा वेळा पाठवायचे का, असा कंत्राटदारांचा रास्त सवाल होता. शेवटी डिसेंबर 2015 मध्ये वरच्या दोन श्रेण्यांसाठी तपासणी सुरू झाली आणि 2019 मध्ये खालच्या दोन श्रेण्यांनाही लागू झाली. ज्याच्याकडे ट्विक कार्ड आहे त्याची पुन्हा पूर्ण पडताळणी करू नये, अशी तडजोडही तीत होती.

मात्र हा कायदा मुदतीचा होता. 25 जुलै 2023 रोजी प्रतिनिधिगृहाने मुदतवाढ 409 विरुद्ध 1 अशा मतांनी मंजूर केली. सिनेटमध्ये ती एकमताने संमत करून घेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा केंटकीचे सिनेटर रँड पॉल यांनी हरकत घेतली, आणि 28 जुलै 2023 रोजी खात्याचा अधिकार संपला. 409 जणांच्या होकारापुढे एकाच्या नकाराने अडलेली व्यवस्था दोन वर्षे उलटून गेली तरी अडलेलीच राहिली. त्या दिवसापासून खाते नावे घेत नाही, तपासनीस पाठवू शकत नाही आणि कोणाला दंडही करू शकत नाही. तोपर्यंत महिन्याला सुमारे 9,000 नवी नावे तपासली जात होती.

यातून कारखान्याच्या फाटकावर जे चित्र तयार झाले आहे ते पाहण्यासारखे आहे. शिप चॅनेलच्या काठावर जेटी असलेल्या कारखान्यात वेल्डर शिरतो तेव्हा पहारेकरी त्याचे ट्विक कार्ड विजेरीच्या उजेडात तिरपे धरून मुदत, चेहरा आणि चमकती छाप पाहतो. तोच वेल्डर पुढल्या आठवड्यात, तेच रसायन साठवणाऱ्या पण जेटी नसलेल्या कारखान्यात जातो, तेव्हा त्याचे नाव संशयितांच्या यादीशी कोणी ताडून पाहत नाही.

आपण काय करावे? पहिल्या तीन कसोट्या कंपनीचे धोरण म्हणून चालू ठेवाव्यात. फक्त एक लक्षात ठेवा की, आता आपण त्या कसोट्या सरकारी सक्तीने नव्हे तर स्वतःच्या इच्छेने लावत आहात, त्यामुळे नोकरीविषयक कायद्यांचे पूर्ण ओझे आपल्यावर आहे. तपासणी कंपनीकडून अहवाल मागवण्यापूर्वी उमेदवाराची वेगळ्या कागदावर लेखी संमती घ्यावी लागते. अहवाल पाहून नकार देणार असाल, तर आधी त्याला अहवालाची प्रत आणि त्याच्या हक्कांचा गोषवारा द्यावा लागतो, म्हणजे चुकीच्या नोंदीबद्दल तो बोलू शकेल. हे 1970 च्या पत-अहवाल कायद्यात आहे आणि नाव पतपेढीचे वाटले तरी नोकरीच्या तपासणीला तो लागू आहे. समान रोजगार संधी आयोगाने 2012 मध्ये सांगितलेले आहे की, केवळ अटक झाली म्हणून कोणाला वगळू नये आणि शिक्षेचाही विचार गुन्हा, त्याला लोटलेला काळ आणि कामाचे स्वरूप पाहून करावा. कामाच्या अधिकाराचे कागद सर्वांकडून सारखेच मागावेत. ‘हा परदेशी दिसतो, याच्याकडून आणखी एक कागद घ्या’ असे पनवेलहून कोणी फोनवर सांगितले, तर तेथे तो बेकायदा भेदभाव ठरतो, आणि आपल्याकडचे वरिष्ठ असे फोन सहज करतात, म्हणून लिहिले.

शेवटी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. 17 एप्रिल 2013 रोजी टेक्सासमधील वेस्ट या गावी खतांच्या गोदामात अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन 15 माणसे मरण पावली. त्या गोदामाने गृहसुरक्षा खात्याला आपल्या साठ्याची माहितीच दिलेली नव्हती, म्हणजे नियम होता, खाते होते, पण यादीत तो कारखाना नव्हता. आणि भोपाळच्या वायुकांडानंतर कंपनीने एका नाराज कामगाराने घातपात केल्याचा सिद्धान्त पुढे केला होता, जो कधी सिद्ध झाला नाही, तर बंद पडलेली सुरक्षा यंत्रणा आणि हेळसांड मात्र सगळ्यांना दिसली. कामगारांचे पूर्वेतिहास तपासताना व्हॉल्व्हचे पूर्वेतिहासही त्याच काळजीने तपासा, असे मी प्रत्येक नव्या मालकाला सांगत आलो आहे.

प्रश्न : माझे मेहुणे गवंडीकाम आणि काँक्रीटच्या कामात आयुष्य घालवून आता टेक्सासमध्ये मुलाकडे असतात, ग्रीन कार्ड आहे. बंदरातील कामासाठी अर्ज केला, तर बोटांचे ठसेच उमटत नाहीत म्हणून दोनदा परत पाठवले. हे कसे?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : हे अगदी नेहमीचे आहे. सिमेंट, चुना आणि विटा हाताळणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा घासून सपाट होतात. मी एका फिटरची बोटे पाहिली होती, ती नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत झालेली होती. जाण्यापूर्वी आठवडाभर रात्री हातांना तेल किंवा मलम लावून ठेवावे, सिमेंटला हात लावू नये आणि केंद्रावर जाताना हात कोरडे व स्वच्छ असावेत. तरीही ठसे मिळाले नाहीत तर नावावरून तपासणी करण्याचा मार्ग आहे, पण तो वेळखाऊ असल्यामुळे आधी तेलाचा उपाय करून पाहावा.

प्रश्न : एवढे सगळे करून खरोखर काही उपयोग होतो का? वाईट माणूस खोटे कार्ड करून आत जाणारच.
(एक निवृत्त वाचक, पुणे)

उत्तर : आपली शंका अमेरिकेच्या संसदेलाही आली होती. 2011 मध्ये तेथील सरकारी लेखापरीक्षण संस्थेच्या तपासनीसांनी वेश पालटून प्रयोग केला आणि खोटी कार्डे, खोट्या कागदांवर मिळवलेली खरी कार्डे आणि कामाच्या बनावट थापा यांच्या जोरावर ते बंदरांत शिरले. त्यानंतर यंत्राने ठसा ताडून पाहण्याचा नियम 2016 मध्ये झाला, पण घातक रसायने हाताळणाऱ्या पुष्कळ ठिकाणांसाठी त्याची मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. बहुतेक फाटकांवर आजही डोळ्यांनीच पाहतात.

तरी खोट्या कार्डाच्या भीतीपेक्षा दुसरे एक प्रकरण मला अधिक बोलके वाटते. 24 मार्च 2014 रोजी रात्री अकराच्या सुमारास व्हर्जिनियातील नॉरफोकच्या नौदल तळावर एक मालमोटारचालक आपल्या मालमोटारीसह शिरला, ‘महान’ या विनाशिकेपर्यंत पोहोचला, पहाऱ्यावरच्या महिला नौसैनिकाचे पिस्तूल हिसकावले आणि तिला वाचवायला आडव्या आलेल्या दुसऱ्या नौसैनिकाला त्याने ठार केले. या चालकाला पूर्वी मनुष्यवधाची शिक्षा झालेली होती, तरीही त्याच्याकडे ट्विक कार्ड होते आणि ते खरे होते. त्या रात्री तळावर त्याचे काहीही काम नव्हते, कसलाही माल पोहोचवायचा नव्हता. नौदलाच्या चौकशीत निघाले ते एवढेच की, फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्याला थांबवून, आत येण्याचे कारण आणि कागद विचारायला हवे होते, आणि ते त्याने विचारले नाही.